मान गेली, असं मी म्हणाले

मान आखडणं हे काही मोठं दुखणं नव्हे, हे मला ठाऊक आहे. क्षयातून उठलेल्यानं लिहावं, पटकीतून वाचलेल्यानं लिहावं. मानेनं कुणी मरत नाही. पण मान धरलेली बाई घरात कशी वावरते, ते तिचं तिलाच कळतं. वेणी घालायला हात वर जात नाही. न्हाताना डोक्यावर पाणी घेता येत नाही. मागून कुणी हाक मारली तर बैलगाडी वळवावी तसं अख्खं अंग वळवावं लागतं, आणि हाक मारणारीला वाटतं, बाईला काय ताठा चढलाय! मला गावानं बरीच वर्षं ताठ्याची ठरवलं होतं.

माझं सासर मेहकर, भालकी तालुक्यातलं. माहेर उदगीरच्या पल्याड, जिथं कानडी फक्त बाजाराच्या दिवशी कानावर पडायची. आम्ही लिंगायत. सासरी घरात कानडी, दारात मराठी आणि कचेरीत उर्दू अशी तऱ्हा होती. मी मराठी चौथी शिकलेली, पण कानडी तोडकीमोडकी. कानडी शब्द आठवला नाही की मी सरळ मराठी शब्द घ्यायची आणि त्याला कानडी शेपूट लावायची. घरातले पोट धरून हसायचे. मालक म्हणायचे, ‘गंगूची कानडी ऐकायला तिकीट लावलं पायजे.’ नवऱ्याचं नाव मी घेत नाही, या लिहिण्यातही त्यांना मालकच म्हणेन. थोडी जमीन होती आणि गुळाचा व्यापार होता. माणूस हसरा होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तो तसा दिसणार नाही.

पेव

ते गडबडीचे दिवस होते. निजामाचं राज्य जायच्या बेतात होतं आणि गावोगाव आगी लागत होत्या. मोठ्यांच्या राजकारणाविषयी मी काही लिहिणार नाही, मला ते तेव्हाही कळलं नव्हतं. गावातले तरणे पुरुष सरहद्दीपल्याडच्या छावणीत गेले, मालकही गेले. अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या भावाच्या गाडीतून निघाल्या. आमची म्हैस नुकतीच व्याली होती, तिला टाकून जाता येईना, म्हणून मी मागच्या गाडीनं यायचं ठरलं. मागची गाडी आलीच नाही.

वेशीकडून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा शेजारची बडीबी आमच्या परसात शिरली. बडीबी म्हातारी, एकटी राहणारी मुसलमान बाई. तिनं माझा दंड धरला आणि तिच्या परसातल्या जुन्या पेवात मला उतरवलं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोदलेला खड्डा, तोंडाशी अरुंद आणि आत पोट मोठं. हे पेव कित्येक वर्षं कुणी वापरलं नव्हतं. माती ढासळून ते निम्मं भरलं होतं, त्यामुळं बसलं तरी डोकं वर टेकायचं. मान छातीशी घालून आणि खांदे कानाशी ओढून बसायचं, दुसरा इलाज नव्हता. बडीबीनं तोंडावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या आणि म्हणाली, ‘बेटी, हिलना नक्को. मैं हूँ ना.’

ती पेंढ्या सारून भाकरी द्यायची, पाणी द्यायची. वर पावलं वाजली की मी खांदे आणखी ओढून घ्यायची. किती दिवस आत होते ते मला सांगता येत नाही. एका सकाळी बडीबी म्हणाली, ‘फौजां आ गए. निकल.’ तिनं मला वर ओढलं. मी उभी राहिले, पाय सरळ झाले, पण मान वर आली नाही.

पुढं थोड्याच दिवसांत बडीबीच्या लोकांवर वेळ आली. तिचा भाचा येऊन तिला हैद्राबादला घेऊन गेला. जाताना तिनं माझ्या मानेवर हात फिरवला. वर बघून तिला निरोप द्यावा, तेवढंही मला जमलं नाही. तिचे पाय तेवढे दिसले. ती पोचली की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि ते आठवलं की अजून रडू येतं.

जमिनीकडं बघत

मालक परत आले, अत्ती परत आल्या. सगळे जिवंत होते, त्या आनंदात माझ्या मानेकडं कुणी फारसं पाहिलं नाही. आठवड्याभरात सुटेल असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं.

ती सुटली नाही. उलट मानेतून दुखणं कानामागं चढायचं आणि तिथून डोळ्यात उतरायचं. अत्ती म्हणायच्या, ‘खांदं खाली सोड की गं, कामून वर धरायलीस?’ पण खांदे वर आहेत हेच मला कळत नव्हतं. माझ्या मते ते जागेवर होते. हे मुद्दाम लिहिते, कारण या दुखण्याची खोड हीच आहे. अंगाला वाकड्याची सवय होते आणि मग सरळच वाकडं वाटू लागतं.

तरी पाणी कमरेवर घेऊन आणत होते, जोंधळा दळत होते. वाकल्या मानेमुळं डोक्यावर घागर ठरत नव्हती, ती कमरेवर द्यायला दुसरीला बोलवावं लागायचं. घरात पाळणाही हलला नव्हता. एके दिवशी अत्ती शेजारणीला म्हणाल्या, ‘मान वाकडी, कूस रिकामी. अप्पाचं दुसरं बघावं लागंल.’ अप्पा म्हणजे मालक. हे मात्र त्या मला कळेल अशा मराठीत बोलल्या, आणि मी चुलीपाशीच होते. त्या दिवसापासून मला एकच धास्ती होती, हे लोक मला माहेरी पाठवतील आणि या घरात दुसरी येईल.

बिदर

शेवटी मालक म्हणाले, बिदरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. भालकीहून रेल्वेनं गेलो. दारातल्या कंपाउंडरला मालकांनी सांगितलं, हिचे खांदे धरलेत. तो म्हणाला, ‘जनाना उधर है. मर्द लोगां बाहर बैठो.’ मालक व्हरांड्यात बसले, मी आत गेले.

डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं, हात किती वर जातो ते करून दाखवायला लावलं, शेक, तेल आणि व्यायाम असं सिस्टरबाईंना सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. सिस्टरबाई त्या वर्षीच धारवाडकडून आलेल्या. त्यांना कानडी यायची, मराठी अजिबात नाही. पडद्याआड त्यांनी माझा पदर बाजूला केला आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. इतक्या हलक्या हातानं मला कितीतरी दिवसांत कुणी धरलं नव्हतं. मला रडू फुटलं.

‘एनाग्यद व्वा?’ त्यांनी विचारलं. काय झालंय, बाई?

मला सांगायचं होतं की मान धरलीय. मानेला कानडीत कुत्तिगी म्हणतात. सासरी मी तो शब्द शंभरदा ऐकला असेल, पण त्या घडीला तो काही केल्या आठवेना. हात उचलून दाखवावं तर हात मानेपर्यंत पोचत नव्हता, त्यासाठीच तर मी तिथं आले होते! मग मी नेहमीचीच युक्ती केली. मराठी शब्द घेतला, कानडी शेपूट लावलं.

‘नन्न मान होग्यद.’

माझ्या हिशेबानं मी म्हणाले, माझी मान गेली. वाचणाऱ्याला कोड्यात ठेवायची मला हौस नाही, म्हणून आत्ताच सांगते. कानडीत मान म्हणजे अब्रू, दुसरं काही नाही. बाईची मान गेली म्हणजे काय झालं, हे कानडीत कुणाला विचारावं लागत नाही. मला हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

सिस्टरबाईंचे हात माझ्या खांद्यांवर थांबले. त्यांनी हळूच विचारलं, कधी? मी म्हणाले, गडबडीत, पेवात लपले होते तेव्हा. सोबत कोण होतं? कुणी नाही, मी एकटी. घरात माहीत आहे? मी म्हणाले, मालकांना सगळं कुठं सांगते, त्यांना वाईट वाटेल. बोलले त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यांनी माझं डोकं पोटाशी धरलं. एका आखडलेल्या मानेसाठी परकी बाई इतकी कळवळते, याचं मला नवल वाटलं.

मग त्या व्हरांड्यात जाऊन मालकांशी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. मालक आत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्त नव्हतं. स्टेशनवर त्यांनी पेरू घेतला, गाडीत बसल्यावर तो चिरला, बिया काढल्या आणि एकेक फोड माझ्या हातात दिली. असला लाड त्यांनी कधी केला नव्हता. मला वाटलं, ही काही जगत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की काय!

मान वर कर

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यानं सांगितलेला व्यायाम सुरू झाला. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, खांदे खाली सोडायचे आणि हनुवटी हळूहळू उचलत वरच्या तुळईकडं बघायचं. मालक रोज सकाळी समोर उभे राहायचे.

‘मान वर कर, गंगू.’

‘जात न्हाई हो.’

‘जाईल. तू काई खाली घालायसारखं केल्यालं न्हाईस. वर कर.’

हे वाक्य मला जरा चमत्कारिक वाटायचं, पण व्यायाम करवून घेणारा माणूस काहीतरी बोलतच असतो. मी वर बघायची. दुखून डोळ्यांत पाणी यायचं. त्यांच्याही डोळ्यांत यायचं.

पाण्याला त्यांनी मला जाऊ दिलं नाही. स्वतः खांद्यावर घागर घेऊन आडावर जाऊ लागले. आमच्या गावात पुरुषानं पाणी भरणं म्हणजे काय, हे तिकडच्या बायांना सांगायला नको. आडावरचे लोक म्हणायचे, ‘काय मालक, बांगड्या भरल्याव काय?’ ते म्हणायचे, ‘भरल्या तर भरल्या. जड हायत व्हय तुमाला?’

त्याच दिवसांत एकदा आतल्या खोलीचं दार लावून मायलेक कानडीत भांडले. इतक्या भराभर बोलत होते की मला एक अक्षर लागलं नाही. माझ्यावर दुसरी आणायचा विषय असणार, असं मी धरून चालले. पण त्यानंतर अत्तींनी तो विषयच टाकला. मला आधी वाढू लागल्या. माझ्या डोळ्यांत मात्र बघेनात.

आणि मालक ओसरीवर निजू लागले.

हे लिहायला जड जातं. व्यायाम ते करवून घेत, शेकायला मीठ भाजून देत, पण अंथरूण बाहेर. मला वाटलं, वाकडी बायको नजरेला नकोशी झाली. सेवा करतात ती दयेनं करतात. मी एकदा धीर करून पेवातलं सगळं सांगायला बसले. एकटीनं किती सोसलं ते त्यांना कळावं, एवढंच मनात होतं. ‘त्या पेवात मी...’ म्हटलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

‘नको सांगू. मला काईच ऐकायचं न्हाई. तू हायस, तेवढं बास हाय.’

माझं दुखणं ऐकायचीही यांना इच्छा नाही, असा त्याचा अर्थ मी लावला आणि गोठ्यात जाऊन रडले.

काय लागू पडलं

ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं त्यांचं काम आधी उरकते. खडं मीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधावं आणि त्या पुरचुंडीनं शेकावं. आधी आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघावं, मी घाईत एकदा कातडी भाजून घेतली. करडईचं तेल कोमट करून चोळावं, पण हाडावर नाही आणि जोरानंही नाही. मान कुणाला कडाकडा मोडू देऊ नये. आमच्या गावात एक जण मोडायला तयार होता, मालकांनी त्याला हाकलून दिलं. डोक्यावर ओझं घेऊ नये, घ्यावंच लागलं तर थोडं थोडं घ्यावं. उशी उंच नको. दळताना, निवडताना, शिवताना मधेच उठावं, दोन्ही खांदे मागून पुढं फिरवावेत. आणि दिवसातून सात-आठदा स्वतःला विचारावं, माझे खांदे आत्ता कुठं आहेत? बहुतेक वेळा ते कानापाशी सापडतात. श्वास सोडताना त्यांनाही सोडून द्यावं.

हातापायाला मुंग्या येत असतील, हातातलं भांडं सुटत असेल किंवा ताप असेल, तर शेकत बसू नये, दवाखाना गाठावा.

गुण हळू येतो. माझी मान बोटभर वर यायला एक उन्हाळा लागला. आज बरं वाटायचं, उद्या पुन्हा धरायची, आणि सगळं मुसळ केरात गेलं असं वाटायचं. त्या दिवशीही मालक सकाळी समोर उभे असायचे.

मग एका सकाळी मान इतकी वर आली की तुळईच्या आधी मला त्यांचा चेहरा सरळ दिसला. कितीतरी महिने मी त्यांना छातीपर्यंतच पाहत होते. कानाजवळ केस पिकले होते, गाल बसले होते. दुखणं माझं आणि वाळले हे!

‘बास,’ ते म्हणाले. ‘आता कुणाफुडं खाली घालायची न्हाई.’

‘मी आता बरी हाय,’ मी म्हणाले. ‘तुमी बाहीर कामून निजायलाव?’

ते जरा मागं सरकले. मग विचारलं, ‘तुला भ्या वाटत न्हाई न्हवं?’

‘कशाचं भ्या?’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणाले, ‘काई न्हाई. घाई न्हाई.’ मला वाटलं, झोपेत कुशीवर वळताना मान पुन्हा धरेल याचं भय ते विचारत असावेत. किती काळजीचा माणूस, असं मी मनात म्हटलं. पुढं दोन हिवाळे गेल्यावर ते घोंगडी घेऊन आत आले. त्यावर मी एवढंच लिहिते की त्यांच्याइतक्या हलक्या हाताचा माणूस मी पाहिला नाही.

त्यांची मान

आमचे बरे दिवस फार नव्हते. एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांना मुदतीचा ताप आला. भालकीचा डॉक्टर येऊन गेला, औषध चालू होतं, ताप उतरेना. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवायची. ग्लानीत ते गुळाच्या ढेपांचं बोलत, छावणीतलं बोलत. एकदा डोळे उघडून मला ओळखलं.

‘गंगू, मान?’

‘वरच हाय. हे बघा.’

त्यांनी बघितलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. सकाळी गेले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, हार घालतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. पण गेलेल्याची मान पुढं पडते. म्हणून कपाळावरून कापडाची पट्टी घेऊन ती मागं खुंटीला बांधतात. त्या दिवशी घरात पट्टी सापडेना. कुणी धोतर फाडायला गेलं, कुणी जंगमस्वामींना आणायला गेलं. त्यांची मान छातीवर पडलेली. मला ते बघवेना. मी म्हणाले, ‘मी धरते.’

दोन्ही हात उचलून मी त्यांचं डोकं धरलं आणि मान सरळ केली. पट्टी येईपर्यंत तशीच धरून उभी राहिले. माझे खांदे दुखले नाहीत. हे खांदे त्यांनीच शेकून मोकळे केले होते, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. बाया म्हणत होत्या, ‘रड गं, रड,’ पण मी हात काढून रडू शकत नव्हते.

अत्तींनी विचारलं

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी अत्ती तेलाची वाटी घेऊन माझ्या मागं बसल्या. मान पुन्हा थोडी धरली होती. त्या चोळू लागल्या. बराच वेळ चोळल्यावर म्हणाल्या, ‘गंगव्वा, आता अप्पा न्हाई. आता तरी नाव सांग. मनात किती दिस ठेवतीस?’

‘कुणाचं नाव, अत्ती?’

‘पेवात तुझा मान घेतला त्याचं.’

अत्तींच्या मराठीत ‘माझा’ आणि ‘माझी’ यांचा घोळ नेहमीचाच. मला वाटलं, शोकानं काहीतरी बोलतात. म्हणाले, ‘मान कुणी कशाला घेईल? वाकून बसल्यानं आखडली.’

‘ती न्हाई गं!’ त्यांनी माझा पदर दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट ओढला. ‘हा मान. दवाखान्यात बाईला तूच सांगितलीस की. बाईनं अप्पाला सांगितलं. म्हणली, तिला विचारू नका, विचारलं की पुन्हा मोडंल. म्हणून त्यानं विचारलं न्हाई. मलाबी शपथ घातली.’

मी वळून बसले. अत्ती सांगत होत्या. दार लावून भांडले त्या दिवशी अत्ती म्हणाल्या होत्या, असली सून घरात कशी ठेवायची? तेव्हा मालक म्हणाले होते, ‘तिनं काय केलंय? तिची मान ह्या घरात खाली गेली तर मी ह्या घरात ऱ्हानार न्हाई. मी रोज तिला वर करायला सांगनार हाय. तूबी तिच्यासमोर डोळं खाली घालू नको.’

मला ती सगळी वर्षं पुन्हा पहिल्यापासून दिसू लागली. पेरूच्या फोडी. ओसरीवरचं अंथरूण. ‘नको सांगू.’ ‘भ्या वाटत न्हाई न्हवं?’ रोज सकाळी तुळईखाली उभा राहून माझ्याआधी रडणारा माणूस. मी त्याला व्यायाम समजत होते.

मी अत्तींचा तेलाचा हात धरला आणि माझ्या मानेवर मागं ठेवला.

‘अत्ती, ही. ही मान गेली म्हणाले मी बाईला. दुसरं काई झालं न्हाई. मला कुणी शिवलं न्हाई.’

त्यांचा हात तिथंच राहिला. त्या बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या, कितीतरी वर्षांनी सरळ डोळ्यांत. मग म्हणाल्या, ‘हे अप्पाला कोण सांगनार गं आता?’

शेवटचं

मी खूप रडले, आणि मला रागही आला, तोही लिहिते. एकदा विचारलं असतं तर? एकच प्रश्न, आणि आम्ही पोट धरून हसलो असतो. गंगूच्या कानडीवर तिकीट लावलं असतं. विचारलं नाही हा त्यांचा चांगुलपणा होता, आणि त्या चांगुलपणानंच आमची वर्षं खाल्ली. जे घडलंच नव्हतं त्याचं दुःख त्यांनी मरेपर्यंत वाहिलं. पण जे घडलं असं त्यांना वाटत होतं, ते घडूनही त्यांनी मला हातची जाऊ दिली नाही. त्या गडबडीत कितीजणींच्या बाबतीत ते खरंच घडलं असेल, या बाजूच्या आणि त्या बाजूच्याही. त्यांच्या घरी सकाळी समोर उभं राहणारं कुणी होतं का, हा विचार मला सोडत नाही.

मग मी बिदरला गेले. सिस्टरबाईंना आता मराठी येते. मी सांगितलं तेव्हा त्या खाली बसल्या, आणि उलट मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाल्या, ‘लिहा. माझं चुकलं तेही लिहा. इथं येणाऱ्या बायांना मी वाचून दाखवीन.’ आता म्हणे भाषेप्रमाणं राज्यं पाडणार आहेत, माझं माहेर एकीकडं आणि सासर दुसरीकडं. पाडू देत बिचारे. दोन्ही भाषांत मान हाच शब्द राहणार आहे.

सकाळी मी अजून भिंतीला पाठ लावून उभी राहते. समोर कुणी नसतं. अत्ती म्हाताऱ्या झाल्या, त्या चुलीजवळून विचारतात, ‘केलीस का वर?’ मी म्हणते, ‘केली.’

शेक, तेल, उशी हे सगळं मी वर लिहिलंय. विसरलात तरी दवाखान्यात कुणीतरी पुन्हा सांगेल. ही एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दुखणं सांगताना नुसत्या शब्दावर विसंबू नका, जिथं दुखतं तिथं हात ठेवून दाखवा. आणि तुमचा हात तिथवर पोचत नसेल, तर समोरच्याचा हात धरा आणि तिथं ठेवा.